परटिणीला मोजलं, राजाला काहून न्हाई?

अप्पा, तुमचं पोरगं आलतं. रेवण. लातूरहून टेंपो घेऊनच आलं. तुमच्या मातीला आलेले पावणे अजून गावातून पांगले नव्हते, आन यानं किराणा दुकानाचं शटर वर करून पुस्तकांची कपाटं भितीपासून वढायला सुरू केलं. मी समोर पारावर बसलो होतो. मला हाक मारली, "दगडूकाका, या जरा." गेलो. म्हणलं वजन उचलायला बोलावलं आसंल. माणसांनी मला आजवर त्याच्यासाठीच बोलावलंय.

तर तो म्हणतो, "काका, दुकान द्यायचं ठरलंय. मठातल्या खोलीत एक कपाट मावतं. तेवढं भरून ठेवू. बाकीची पुस्तकं सांजच्याला टेंपोत, लातूरच्या रद्दीवाल्याकडं."

"मग भर की. मला काहून सांगून राहिला?"

"कोणती ठेवायची ते तुम्ही सांगायचं. बाबा म्हणले, दगडूला विचार."

आता बघा. मला एक अक्षर येत न्हाई. एस.टी. मी गर्दी बघून वळखतो, आन त्याच्यात सुदिक उदगीरला निघालो आन भालकीला उतरलो आसं झालेलं हाय. मी बैलबाजारातला दलाल. हे तुम्हाला ठावूक होतं, साऱ्या देवणीला ठावूक हाय. तरी जाता जाता एवढा ढीग माझ्या डोक्यावर ठेवून गेले. आन का ठेवला ते सांगायचं राहिलं. न्हाई, राहिलं न्हाई. तुम्ही सांगितलंच न्हाई. तुमची खोडच ती.

साप्ताहिकवाले म्हणले, अप्पांवर चार शब्द द्या. सून लिहून घेती. तिला मी बजावलंय, बोलीन तसंच लिही, तुझ्या मनानं गोड करू नको. गोड बोलून झालं सगळ्याचं. मठात सभा झाली तव्हा एकेक उठला आन म्हणला, अप्पा म्हणजे चालतं-बोलतं ग्रंथालय, अप्पा म्हणजे ज्ञानाचा सागर. हे बोलणारे तुम्ही वाचत असताना मागं बसून पत्ते कुटायचे. मला कसं ठावूक? मीच वाटायचो पत्ते. मला बी बोल म्हणले. उठलो, माइकसमोर गेलो, तोंड उघडलं आन शिंका सुरू झाल्या. बसलो खाली. तर जे तितं राहिलं ते इतं.

ज्यांना ठावूक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. जिल्हा नवा झाला तव्हाची गोष्ट. उस्मानाबाद सुटलं, लातूर आलं. लोकं म्हणले आता साहेब जवळ आला, सगळंच जवळ येणार. साहेब आला, पाऊस गेला. एक साल गेला, दुसऱ्या साली बी आला न्हाई. बाजार भरायचा, पण नुसता इकणाऱ्यांचा. घेणारा कुणीच न्हाई. दलालाला मधी उभं राहायला दोन माणसं लागत्यात, आन इथं दोन्ही बाजूला एकाच तोंडाची माणसं. मग नदीच्या कोरड्या पात्रात छावणी पडली. काळ्या तोंडाचा वानेरा म्हणू नका, ठिपक्यांचा शेवरा म्हणू नका, एकेक देवणी जनावर बघून डोळ्याला पाणी यावं, पण तेवढंबी पाणी नव्हतं. सगळं गाव जनावराच्या खुट्याला बसून राहिलं.

तितं तुम्ही आले. उपरण्यात पुस्तकं बांधून. घडीची खुर्ची माझ्या डोक्यावर. लोकं आज म्हणतात, अप्पाला दया आली, लोकांचं मन रमावं म्हणून वाचायला आले. दयाबिया काही न्हाई. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आन घरात तुमच्या मंडळी, अक्का, दिसभर कानडीत तुमची हजेरी घ्यायच्या. कुटंतरी तोंड चालवायला जागा पायजे होती. ती तुम्हाला छावणीत घावली. आम्ही उठून जाणार कुटं? जनावरं बांधलेली, आन त्यांच्यापायी आम्ही बांधलेले.

पुस्तकं तुम्ही नांदेडच्या रद्दीवाल्याकडून आणायचे, काट्यावर तोलून. कपाट एकच होतं तव्हा. म्हणून तुम्ही कायदा केला, कपाटात राहील ते चांगलं, बाकीचं दुकानात पुड्या बांधायला. रद्दीतून आलं, रद्दीत गेलं. कायदा ऐकायला बरा होता. पण चांगलं कोणतं, ते ठरवायचं कुणी?

पयलं पुस्तक वाचून झालं तव्हा तुम्ही चष्मा पुसत इचारलं, "कसं वाटलं?"

"लई भारी," सगळे म्हणले.

दुसरं वाचलं. लई भारी. तिसरं वाचलं, त्याच्यात तर निस्ता खताचा हिशेब होता, ते बी लई भारी. तुम्ही खवळले. "बाजारात बैल बघताना बी सगळ्याला भारीच म्हणता का रे?"

"तितं कुटं बोलतो आम्ही," मी म्हणलं. "तितं रुमालाखाली हात घालतो."

मी चेष्टा केली होती. माझी एक चेष्टा तुम्ही आयुष्यात खरी धरली आन तीच माझ्या जिवाला लागली. तुम्ही तिथंच उपरणं हातावर टाकलं आन म्हणले, "ये. दाब बोटं."

म्हणजे बाजारात जसं करतात तसंच. कापडाखाली दोघांचे हात, जेवढी बोटं धरली तेवढं मोल, शेजारच्याला पत्ता लागत न्हाई. पूर्ण पंजा दिला म्हणजे उत्तम. एक बोट म्हणजे जाळा. म्हातारे दलाल तर बोटाचं निस्तं पेर धरायचे, म्हणजे अर्धं. एकेकानं यायचं, तुमच्या उपरण्याखाली हात घालायचा, पुस्तकाचं मोल सांगायचं आन तोंडावर काही न दाखवता जनावराकडं जायचं. रातच्याला मातर एकेक जण माझ्या कानात सांगायचाच, किती दिलं ते. तिनाच्या खाली उतरलं की पुस्तक गेलं पुडीत. आन खरं सांगतो, त्या दिसापासून लोकं ऐकायला लागली. आपल्या बोटावर कुणाचं तरी मरण-जगणं हाय म्हणल्यावर माणूस कान देतो.

पण तुम्ही किती दिलं, ते कव्हाच सांगितलं न्हाई. सगळ्याची बोटं तुम्ही धरली, तुमचं बोट कुणाच्या हाताला लागलं न्हाई. मी एकदा इचारलं तर म्हणले, "काटा कधी आपलं वजन सांगतो का?" किराणा दुकानदार. बोलणं बी तसंच.

माझं मोजणं कसं होतं म्हणताल तर सोपं होतं. झोप लागली तर दोन, न लागली तर चार. पाच मी कुणालाच देत न्हाई, बैलाला सुदिक न्हाई, भाव चढतो. तुम्ही म्हणायचे, "अरे तू पहाटंपासून जनावरांसाठी उसाचं वाढं वाहून दमतो आन झोपतो, त्याच्यात पुस्तकाची काय चूक?"

"मग मला उठवायचं काम कुणाचं? माझं का पुस्तकाचं?"

"पुस्तक काय तुझी बायको हाय का उठवायला?"

"बायकोनं उठवलं तर मी शिव्या देतो अप्पा. पुस्तकानं उठवावं, मी काही म्हणणार न्हाई."

तुम्ही शेवट बघायचे. "बैलाचे दात बघतो ना तू? पुस्तकाचे दात शेवटाला असत्यात," हे तुमचं ठरलेलं. शेवट नीट बसला की सगळं माफ. आन लोकं? लोकं पोट बघायचे. एका पुस्तकात लग्नाची पंगत होती, चार पानं निस्ती पंगत. बुंदी, वरण, तुपाची धार. छावणीत ते वाचलं तव्हा माणसं हलली न्हाईत. गुरं हंबरली तरी कुणी उठंना. मी सोडून सगळ्यांनी पंजा दिला. पुढं पाऊस पडला, पिकं आली, तुम्ही हौसेनं तेच पुस्तक परत वाचलं. सगळ्यांनी दोन बोटं दिली. तुम्ही लालबुंद झाले, "पुस्तक तेच हाय, माणसं तीच हायत."

"पोट ते न्हाई," मी म्हणलं.

तुम्ही मला खुर्चीसकट हाकललं. खुर्ची माझ्याच डोक्यावर होती.

आता परटिणीचं काढतो. अप्पा, तुम्ही गेले म्हणून हे मी सोडणार न्हाई.

त्या पुस्तकात एक परटीण होती. गावाचे कपडे धुवायची. कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला कपड्यावरून कळायचं, पण बोलायची न्हाई. आन शेवटाला एक दिवस ती घाटावर सगळ्यांचे कपडे घड्या करून ठेवती, ज्याचे त्याचे, आन निघून जाती. कुटं, काहून, काही लिहिलेलं न्हाई. तुम्ही पुस्तक मिटलं. माणसं एकमेकाकडं बघाय लागली. सोपानतात्या म्हणले, "पुढचं पान फाटलंय का?" तुम्ही उलटून बघितलं. न्हाई, संपलंच होतं. माणसांनी एक-एक, दोन-दोन बोटं दिली. मी बी दोन देणार होतो, मला झोप लागली होती.

पण मागं बाया बसायच्या, पाठ करून, गवऱ्या थापत न्हाईतर लुगडी शिवत. त्यांना तुमच्या रुमालाखाली हात घालता येत नव्हता. परक्या पुरुषाचा हात कोण धरणार? म्हणून बायांचं मोजायचंच न्हाई, हे कुणी ठरवलं न्हाई तरी ठरून गेलतं. त्यात आमची काशी होती. माझी बायको. मी उठून तुमच्याकडं निघालो तर तिनं वाटंत माझा हात धरला आन पाची बोटं आवळली. तिचे डोळे लाल. मला वाटलं धूर गेला.

मी आलो, तुमच्या उपरण्याखाली हात घातला, पंजा दिला.

तुम्ही सगळ्यांसमोर बोलले. रुमालाखालचं उघड बोलू नये हा बाजारातला पयला नेम, तो तुम्ही मोडला. "हे तुझं का काशीबाईचं?"

"घरचं हाय," मी म्हणलं.

माणसं हसली. तुम्ही म्हणले, "बाईचा हात चालत न्हाई दगडू."

"म्हणून तर माझा घालून आणला."

"तू झोपला होता, मी बघितलं. तुझे दोन धरतो."

आन परटीण गेली पुडीत.

काशी मला त्या दिशी काही बोलली न्हाई. दुसऱ्या दिशी म्हणली, "जरासिक जिरं आणा." आणलं. मग म्हणली मोहरी. मग चहाची पत्ती, तीही एवढीशी. मी म्हणलं हिला एकदाच सांगता येत न्हाई का. मला कळायला लई येळ लागला, मला नेहमीच लागतो. ती जिरं डब्यात टाकायची आन पुडीचा कागूद मांडीवर ठेवून हातानं सपाट करायची. तिसरीपर्यंत शिकलेली हाय ती, बोट ठेवून वाचती. परटिणीची पानं होती ती. वळीनं लावून गोधडीखाली ठेवायची. जिऱ्याच्या वासाची परटीण.

तुमच्या ध्यानात आलं. यायचंच, तुमच्यासारखा माणूस. मग तुम्ही काय केलं? माझं सामान वर्तमानपत्रात बांधायला लागले. दुसऱ्या गिऱ्हाइकाला परटीण, मला कालचा पेपर. मी म्हणलं, "अप्पा, मला ते पुस्तकाचं पान द्या की." तुम्ही म्हणले, "तुला वाचता येतं का?" एवढंच. आन सुतळी दातानं तोडली.

अर्धी परटीण आमच्या घरी राहिली, अर्धी गावाच्या पोटात गेली. अप्पा, असा दुष्टपणा माणूस कुणाशी करतो? तुम्ही माझ्याशी केला आसता तर मी हसलो आसतो, मला सवय हाय. काशीशी केला.

आन राजाचं पुस्तक? जाड, लाल जिल्दीचं. एका राजाचं राज्य कसं बुडलं आन तो हेलपाटे खात कसा फिरला त्याचं. ते तुम्ही छावणीत दिसचे दिस वाचलं. वाचताना तुमचा आवाज बदलायचा. संपल्यावर माणसं सवयीनं उठली, हात पुसून रांगंत आली. तुम्ही उपरणं खांद्यावर टाकलं आन म्हणले, "हे मोजायचं न्हाई."

"काहून?" मी इचारलं.

"काही गोष्टी मोजायच्या नसतात."

"मग परटिणीला काहून मोजलं?"

तुम्ही उठले. खुर्ची घडी केली, सोता उचलली, सोता घेऊन गेले. मला वाटलं आता मी हरवलं अप्पाला. घरी येऊन काशीला सांगितलं. ती म्हणली, "तुम्ही कोणाला हरवलं? तुमचा बैल तरी कव्हा वळला का तुम्ही सांगितल्यावर?" खरंच हाय ते.

तव्हापासून आपलं हेच. वर्सानुवर्स. दुष्काळ गेला, छावणी उठली, बाजार भरला, मी म्हातारा झालो, तुम्ही माझ्याआधी झाले. दुकानाच्या पायरीवर मी बसायचो, तुम्ही आतून वाचायचे, लोकं बोटं द्यायचे. आन महिन्यातून एकदा तरी मी इचारायचो, परटिणीला मोजलं, राजाला काहून न्हाई? तुम्ही म्हणायचे, "गिऱ्हाईक आलंय, सरक."

मी बी तुमचं एक देणं लागतो, ते सांगतो, न्हाईतर सून म्हणंल सासरा एकतर्फी बोलतो. तुम्हाला खूळ लागलतं, वाचनालय सरकारात नोंदवायचं. नवा जिल्हा, नवी कचेरी, अनुदान मिळंल, दुसरं कपाट येईल. लातूरहून साहेब आला. पोरगाच होता, इस्त्रीचा. तुम्ही त्याला गादीवर बसवलं, मला चहा घेऊन उभं केलं आन सांगितलं, तोंड उघडू नको. साहेबानं इचारलं, "पुस्तकांची निवड कशी करता?"

"वाचकांच्या अभिप्रायावरून," तुम्ही म्हणले.

"अभिप्राय कसा घेता?"

तुम्ही अडकले. आन मी तोंड उघडलं न्हाई, अप्पा. तुमचा हुकूम पाळला. मी निस्ता माझा रुमाल साहेबाच्या हातावर टाकला आन खालून त्याचा हात धरला, दाखवायला.

साहेब उडालाच. त्याला वाटलं मी काही देऊन राहिलो. नवी नोकरी बिचाऱ्याची, समोर पाच-पन्नास लोकं. "हे काय चाललंय, हे काय चाललंय," म्हणत चहासकट उठला, तुमच्या धोतरावर चहा, आन जीपमधी जाऊन बसला. मी पळत गेलो समजवायला. हातात रुमाल तसाच. त्यानं काच वर केली.

नोंदणी गेली ती गेलीच. तुम्ही मला बैल म्हणले. देवणी बैल म्हणले आसते तर मानाचं होतं. निस्तं बैल म्हणले, आन पुढचा सगळा पावसाळा माझ्याशी बोलले न्हाईत. बरं झालं म्हणा, त्या साली पाऊस बी नव्हता. दुसरं कपाट मग तुम्ही घरच्या सागवानाचं करून घेतलं. पण सुताराकडून आणायला मलाच बोलावलं. बोलले न्हाईत, निस्तं बोट केलं.

नांदेडला दवाखान्यात मी आलतो, तुम्हाला आठवत आसंल. नाकातोंडाला नळ्या, डोळे मिटलेले. रेवण बाहेर गोळ्या आणायला गेलता. नर्सबाई म्हणली, जास्त बोलू नका. मी म्हणलं, एकच इचारायचंय. तुमच्या कानापाशी गेलो. लोकं आजारी माणसाला देवाचं नाव सांगतात. मला दुसरं काही सुचलं न्हाई. म्हणलं, "अप्पा, आता तरी सांगा. परटिणीला मोजलं, राजाला काहून न्हाई?"

तुम्ही डोळे उघडले. तोंडावरची नळी बाजूला सारली, धाप लागलेली. आन म्हणले, "साकू."

कानडीत बस म्हणजे साकू. अक्का बोलायला लागल्या की तुम्ही तेच म्हणायचे, साकू, साकू. एवढ्या वर्सांनी मला शेवटचा शब्द दिला तो बी अक्काच्या वाट्याचा. मी एस.टी.नं परत आलो. त्या दिशी बरोबर उदगीरलाच उतरलो, एवढा माझा डोस्क्याचा बट्ट्याबोळ झालता.

तर रेवणनं आता ती पुस्तकं भुईवर मांडली. गावातली म्हातारी मंडळी जमली. मी एकेक हातात घेतो, नाव येत न्हाई, जिल्द बघून आठवतो. हे उंदरानं कोपरा खाल्लेलं, ह्याला सगळ्यांनी चार दिलते. हे शेण लागलेलं, ह्याला तात्यानं पेर दिलतं, काढ. माणसं म्हणाय लागली, दगडूची याद बघा. मला बी चढली. एक जाडजूड उचललं, छातीशी धरलं, म्हणलं हे तर ठेवायचंच, हे ऐकताना मी एकदा बी झोपलो न्हाई. रेवणनं उघडून बघितलं. रेल्वेचं टाइमटेबल होतं. आपल्या गावाला रेल्वे बी न्हाई.

मग लाल जिल्दीचं निघालं. राजाचं. रेवण म्हणला, "हे ठेवायचंच, बाबांचं आवडतं." आन तो कपाटात ठेवायला निघाला.

अप्पा, मला इतका आनंद झाला. म्हणलं आता घावले तुम्ही. "थांब," म्हणलं. "मोजल्याबिगर न्हाई."

"काका, ते बाबांचं."

"सगळीच बाबांची हायत. कायदा बी बाबांचाच हाय."

मंडळी म्हणली, पंजा रे पंजा, अप्पाचं पुस्तक, इचारता काय. आजवर रुमालाखाली होतं ते आता सगळे उघड ओरडून राहिले. मेलेल्या माणसाला कोण दोन देतो? मी म्हणलं, मी देतो. टेंपोत टाक. माझं तोंडातून निघालं सुदिक, "टेंपोत टाक."

काशी पायरीवर बसली होती. जेवायला बोलवायला आलती आन बसून गेली. तिला रेवण म्हणला, "काकू, तुम्ही सांगा."

तुमच्या दुकानात त्या बाईला पयल्यांदा कुणी इचारलं. आन मला वाटलं आता ती जिऱ्याच्या पुडीपासून सगळं काढंल.

ती म्हणली, "मी ते ऐकलंच न्हाई."

"काय बोलती," मी म्हणलं. "छावणीत वाचलं की दिसचे दिस."

"ते वाचत होते तव्हा टँकर यायचा. आम्ही बाया घागरी घेऊन रांगंत असायचो. परत यायचो तर तुम्ही सगळे गप बसलेले असायचे. कशानं गप झालेत ते आम्हाला कोणी सांगितलं न्हाई." मग रेवणला म्हणली, "न ऐकलेल्याला कसं मोजू बाबा? टाकू बी नको, ठेवू बी नको."

"काकू, टेंपोवाला सांजच्या आत निघणार हाय."

आन अप्पा, मग मला काय झालं ते मला समजलं न्हाई. मी खाली बसलो आन तिला सांगायला लागलो. राजा कसा होता. त्याला कसं फसवलं. तो कसा निघाला. तुम्ही जितं आवाज खाली घ्यायचे तितं मी बी घ्यायला लागलो. तिला पटावं म्हणून हात हलवून राहिलो. ती मधीच म्हणली, "एवढा शहाणा होता तर पयलंच का कळलं न्हाई त्याला?" आन मला राग आला, तुमच्यावरून. म्हणलं, "त्याचं तसं नव्हतं, तुला समजत न्हाई, तो भला माणूस होता." सोपानतात्या हसाय लागले. "दगडू, तू कुणाकडून बोलून राहिला?" मी कुणाकडून बोलून राहिलो ते मलाबी कळलं. तुम्ही हयात होते तवर मला एकदाबी तुमच्या बाजूनं बोलायची पाळी आली न्हाई. तुमचं तुम्ही बघायचे. आता तुमची वकिली माझ्यावर, आन वकील कसा, ज्याला वाचता येत न्हाई.

सांगत सांगत नदी लागली. राजा नदीकाठी येतो, आन पुढं मला आठंना. बसलो डोकं धरून. तितं मी झोपलो होतो.

"मग?" काशी म्हणली.

"मग अप्पाला इचारावं लागंल," मी म्हणलं. निघून गेलं तोंडातून.

काशी उठली, पायरी चढून दुकानात आली, रेवणच्या हातातून पुस्तक घेतलं आन तुमच्या गादीवर टेकली. पयलं पान काढलं. बोट ठेवलं. एकेक अक्षर जोडून वाचाय लागली, मोठ्यानं, जसं लेकरू वाचतं. एका शब्दाला अडली. रेवण वाकून म्हणला, "आणा काकू, मी वाचतो, लवकर होईल."

"थांब," ती म्हणली. "मला येतंय."

टेंपोवाला हॉर्न वाजवून राहिला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं, चाक काढून बस, आज जायचं न्हाई. रेवण हातावरचं घड्याळ बघत उभा राहिला आन मग तो बी खाली बसला.

अप्पा, ती अजून पयल्या पानावर हाय. टेंपो पुन्हा येतो म्हणून गेला; ती रोज दुपारून येती आन वाचती. ऱ्हस्व-दीर्घ तिला काही धरता येत न्हाई, आन राजाचं नाव ती दर वेळी नवंच घेती. तुम्ही आसते तर तोंड वाकडं केलं आसतं, चष्मा काढून पुसला आसता, आन तिसऱ्या ओळीला म्हणले आसते, काशीबाई, द्या इकडं. म्हणून सांगतो. पुस्तक संपलं की ती सांगंल, ठेवायचं का न्हाई. राजा टेंपोत गेला तर मी काही करू शकणार न्हाई. तवर मी मधी बोलणार न्हाई. तुम्ही बी बोलायचं न्हाई.